सायकल पुन्हा मोडली!

मैत्रिणींनो, तुमच्या घरात गियरची सायकल आहे का? नसली तरी येणार हे धरून चाला. मूल आठवी-नववीत गेलं की ही मागणी येतेच, आणि साधी काळी सायकल आताच्या मुलांना दाखवायचीसुद्धा सोय नाही. सायकल घरी येते, तिला हळदकुंकू लागतं, चाकापुढे नारळ फुटतो आणि पहिले तीन-चार महिने अगदी सुखाचे जातात. पुढे जे सुरू होतं त्याबद्दल आज लिहायचं आहे. सायकल बिघडली की आपण बायका 'ते पुरुषांचं खातं' म्हणून बाजूला होतो, आणि जे मूल ती रोज चालवतं ते मात्र सगळ्यांची बोलणी खातं. म्हणून हा खटाटोप.

आमची लेक अकरावीत आहे. आम्ही साताऱ्याचे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं हे गाव म्हणजे सगळा चढउताराचा कारभार. कुठूनही कुठेही जा, एक चढ लागणारच. लेक खो-खो खेळते. सराव पहाटे सहाला. त्या वेळी रिक्षावाले काका येत नाहीत, ह्यांची रात्रपाळी असली की तेही घरात नसतात. तेव्हा सायकल आहे म्हणून तिचा खो-खो आहे, असा सरळ हिशेब.

गेल्या जूनमध्ये चढावर 'खाड्' असा आवाज झाला आणि मागचा डिरेलर तुटला. डिरेलर म्हणजे मागच्या चाकापाशी, चकत्यांच्या खाली लोंबणारं ते दोन छोट्या चाकांचं यंत्र. चेनला एका चकतीवरून उचलून दुसरीवर ठेवायचं काम त्याचं. दुकानात नेली, नवा डिरेलर बसवला, साडेचारशे रुपये झाले. तीन आठवड्यांनी पुन्हा तुटला. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा चढावर!

झालं, निकाल लागला. दुकानदार म्हणाला, "मुलींना गियर टाकता येत नाहीत, वहिनी. नुसता जोर लावतात." हे म्हणाले, "तीन वेळा चढावरच मोडतं, म्हणजे तिचाच हात जड असणार." सासूबाईंनी तर "आमच्या वेळी बिनगियरच्या सायकली चालतच होत्या की" असं म्हणून विषय मिटवून टाकला. दिवाळीनंतर सायकल विकायची आणि कॉलेजची व्हॅन लावायची असं जवळजवळ ठरलं. व्हॅन येते साडेसातला. म्हणजे खो-खो संपला हे कोणी बोललं नाही, पण पोरीला ते कळलं होतं. "मी गियर नीटच टाकते गं, आई," एवढंच म्हणाली आणि ताटावरून उठली. भाकरी तशीच राहिली.

आता मला सांगा, तुमच्यापैकी कितीजणी घरी शिवणाचं मशीन चालवता? मशीनची सुई एकदा मोडली तर आपण नवी घालतो. पण दुसरीही मोडली, तिसरीही मोडली, तर काय करतो? सुयांचं पाकीट आणून एकेक सुई मोडत बसतो का? नाही. दिवा जवळ घेतो, चाक हाताने सावकाश फिरवतो आणि सुई खाली जाताना कुठे आपटते ते पाहतो. पायपट्टी ढिली असते, सुई उलटी किंवा अपुरी वर बसवलेली असते, बॉबिनची डबी नीट बसलेली नसते. एक काहीतरी सापडतंच. सुई मोडते हे दुखणं नाही, दुखण्याची खूण आहे, हे आपल्याला पाठ असतं. मग सायकलीलाच वेगळा न्याय का?

रविवारी दुपारी मी झोपाळ्याची फळी काढली, त्याच्या कड्यांना दोर बांधला आणि सायकल बैठकीपाशी टांगली. मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर. (सायकल उलटी करूनही पाहता येते, पण मग उजवं-डावं, वर-खाली सगळ्याचा गोंधळ होतो. कडी नसेल तर घरातल्या कोणाला तरी मागून उचलून धरायला सांगा.) ओढणी, पदर खोचून घ्या, लांब वेणी असेल तर बांधा, आणि चेन फिरत असताना बोटं तिच्याजवळ नेऊ नका, दातेरी चकती बोटाला क्षमा करत नाही. लेकीने पॅडल सावकाश फिरवलं आणि मी मागे पाटावर बसून नुसतं पाहू लागले.

सात नंबरवरून एकेक खाली आणत गेलो. सात, सहा, पाच... दोनपर्यंत काही नाही. एक नंबर टाकला आणि 'टिक् टिक् टिक्' सुरू झालं. डिरेलरचा पिंजरा चाकाच्या तारांना खेटत होता! मागून नीट पाहिलं तर तो सरळ खाली लोंबतच नव्हता. खालची बाजू चाकाकडे झुकलेली, माणूस कण्हत एका कुशीवर वळावा तशी. आता पहा, एक नंबर म्हणजे मागची सगळ्यात मोठी चकती, सगळ्यात हलका गियर. तो आपण कधी टाकतो? चढावर. सपाट रस्त्यावर त्याची गरजच पडत नाही. शिवाय चढावर जोर पडला की चाकही किंचित लवतं. रिकाम्या चाकाला नुसता घासणारा पिंजरा तिथे तारांत अडकायचा, चाक त्याला ओढून न्यायचं आणि 'खाड्'. मोडतोड चढावरच का होते, ह्याचा उलगडा झाला, आणि त्यात पोरीच्या हाताचा काही संबंध नव्हता.

"ही कधी पडली होती का गं?" मी विचारलं. "पडली नाही, पाडली," ती म्हणाली. मे महिन्याच्या शिबिरात मैदानाच्या कुंपणाशी वीस-पंचवीस सायकली दाटीने लावलेल्या. कोणीतरी मधली ओढून काढली आणि सगळी रांग कोसळली. हिची उजव्या अंगावर पडली, आणि डिरेलर असतो उजव्या बाजूलाच.

हे उठून आले, उकिडवे बसले, टिक् टिक् ऐकली आणि म्हणाले, "हं." मग आपण होऊन बॅटरी आणायला गेले. त्या 'हं'मध्ये किती काय असतं हे तुम्हाला सांगायला नको.

डिरेलर ज्या छोट्या पट्टीला टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात. ॲल्युमिनियमच्या सायकलींना ही पट्टी मुद्दाम नरम आणि बदलता येईल अशी केलेली असते. सायकल पडली की पट्टीने वाकावं, मोडावं, पण सांगाड्याला धक्का लागू नये. आपल्या घरातला फ्यूज जातो आणि घर वाचतं, तसंच. आमच्या दुकानदाराने तिन्ही वेळा नवा डिरेलर आणून त्याच वाकड्या पट्टीवर बसवला होता. फार तर पकडीने अंदाजे मागेपुढे केलं असेल. वाकड्या खुंटीला नवा कोट टांगला म्हणून तो सरळ लोंबेल का?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. "साहेबांना पाठवा ना, वहिनी, त्यांना समजावतो," असं उत्तर मिळालं. "सायकल साहेब चालवत नाहीत," मी म्हटलं आणि तिथून दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या मुलाकडे हँगर तपासायचं हत्यार होतं: एक लांब दांडी, ती डिरेलर काढून त्या जागी आट्यात बसवायची आणि चाकाभोवती वर-खाली, मागेपुढे फिरवून चाकाच्या कडेपासूनचं अंतर पाहायचं. चारी ठिकाणी सारखं अंतर आलं म्हणजे पट्टी सरळ. आमच्याकडे खाली चांगला बोटभर फरक निघाला. पट्टी नवीच घातली. एक लक्षात ठेवा, प्रत्येक सायकलीचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो, तेव्हा विकत घ्यायला जाताना जुना बरोबर न्या. नुसतं 'हँगर द्या' म्हणून चालत नाही. पट्टीचे आणि मजुरीचे मिळून पावणेतीनशे झाले. ह्याआधीचे साडेतेराशे कुठे गेले ते तुम्हाला माहीतच आहे.

पट्टी सरळ झाल्यावर मग गियर 'लावायचे'. क्रम हाच. उलटं केलं तर नुसते स्क्रू पिळत बसाल. हा भाग जरा बारकाईने वाचा. भाजीत मीठ किती हे जितकं अंदाजाने, तितकं हे अंदाजाने होत नाही.

डिरेलरवर दोन बारीक स्क्रू असतात. त्यांच्याजवळ इंग्रजी एच आणि एल ही अक्षरं कोरलेली असतात. ही दोन कुंपणं समजा. एच बाहेरच्या, सर्वांत लहान चकतीपाशी डिरेलरला थांबवतो, म्हणजे चेन चकतीवरून बाहेर पडत नाही. एल आतल्या, मोठ्या चकतीपाशी थांबवतो, म्हणजे तो तारांत जात नाही. स्क्रू आत पिळला की कुंपण अलीकडे येतं. चेन लहान चकतीवर असताना मागून पाहा: डिरेलरचं वरचं छोटं चाक त्या चकतीच्या बरोबर खाली हवं. मोठ्या चकतीवरही तसंच. मोठ्या चकतीवर चेन असताना, पॅडल थांबवून, डिरेलर हाताने हलकेच आत दाबून पाहा. तो आणखी आत सरकायला नको. सरकला तर एल अर्धा आटा आत. आपल्यासारख्या चढाच्या गावात हा एक स्क्रू सगळ्यात महत्त्वाचा, असं माझं मत.

मग केबल. हँडलवरचा खटका दाबला की केबल ओढली जाते आणि चेन मोठ्या चकतीवर चढते; दुसरा दाबला की केबल सुटते आणि स्प्रिंगच्या जोराने चेन खाली उतरते. पूर्वी हा खटका नव्हता, नुसती दांडी असायची, आणि स्वार कानाने ऐकून ती हवी तिथे थांबवायचा. 'क्लिक' करणारे गियर १९८० नंतरच्या दशकात आले. एका क्लिकला केबल ठरावीकच सरकते, म्हणून ती जरा जरी ढिली असली तरी सातही पायऱ्या चुकतात. डिरेलरमध्ये जिथे केबल शिरते तिथे एक छोटी गोल मूठ असते. चेन मोठ्या चकतीवर चढायला कां-कूं करत असेल तर ती मूठ मागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने पाव-अर्धा आटा फिरवा, केबल ताणली जाते. उतरायला कां-कूं करत असेल, किंवा शेजारच्या मोठ्या चकतीला खरखर घासत असेल, तर घड्याळाच्या दिशेने. पॅडल फिरवत, थोडं थोडं. हत्यार लागत नाही, दोन बोटं पुरतात. नवी केबल टाकली की दोन-तीन आठवड्यांत ती बसते आणि ढिली पडते, तेव्हा एकदा पुन्हा करावं लागतं. ते बिघाड समजून दुकानात धावू नका.

गियर हे प्रकरण इतकं अंगवळणी पडलंय की ते कायमच होतं असं वाटतं. पण टूर द फ्रान्स ह्या जगप्रसिद्ध शर्यतीत मातब्बर स्पर्धकांना डिरेलर वापरायची परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याआधी घाट आला की ते बिचारे उतरायचे, मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे, कारण चाकाच्या दोन बाजूंना लहान-मोठी अशा दोन चकत्या असत. आपल्या पोरी बोटाच्या टोकाने जे करतात त्यासाठी त्या पहिलवानांना धुळीत बसून पान्हा चालवावा लागे. दुकानदार 'एकवीस गियर' म्हणून भाव वाढवून सांगतो ना, तर तेही ऐकून ठेवा: पुढच्या तीन आणि मागच्या सात चकत्यांचा तो गुणाकार. त्यातले बरेच एकमेकांसारखेच असतात. पुढची मोठी आणि मागचीही मोठी, किंवा दोन्ही लहान, अशी जोडी लावली तर चेन तिरपी ताणली जाते आणि लवकर झिजते, तेव्हा ते गियर असून नसल्यासारखेच. पुढे मधली ठेवून मागच्या बदलत राहिलं तर गावातला सगळा कारभार निभतो.

मुलांना सांगायच्या गोष्टी दोनच. पॅडल फिरत असतानाच गियर बदलायचा, उभं असताना नाही. आणि चढ सुरू व्हायच्या आधी बदलायचा. पायावर सगळा भार आल्यावर नाही. आमच्या लेकीला हे दोन्ही आधीपासून येत होतं, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

चेनचं एक सोपं माप आहे, ते फूटपट्टीने घेता येतं. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. चेन चांगली असेल तर बारा इंचावर बरोबर दुसऱ्या एका पिनेचा मध्य येतो. ती पिन अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेलेली असेल तर चेन बदला. पूर्ण सूतभर पुढे गेली असेल तर मागच्या चकत्याही झिजल्या समजा, आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवरून घसरते. म्हणजे अर्ध्या सुताला जागं व्हायचं, कारण चेन स्वस्त आणि चकत्या महाग. तेलाबद्दल म्हणाल तर खोबरेल, गोडेतेल अजिबात नको. त्याचा चिकटा होतो, त्यावर धूळ बसते आणि चेन घासली जाते. (सासूबाई खोबरेलाची वाटी घेऊन आल्याच होत्या.) शिवण मशीनचं तेल केबलला आणि डिरेलरच्या सांध्यांना उत्तम, चेनला मात्र फार पातळ, साताऱ्याच्या पावसात दोन दिवस टिकत नाही. चेनचं तेल वेगळं मिळतं. ते घालून झालं की फडक्याने वरवरचं पुसून टाका.

एवढं झाल्यावर आमची सुटका झाली असेल असं वाटलं ना? सप्टेंबरात तारा तुटायला लागल्या. आज एक, आठ दिवसांनी दुसरी. घरात पुन्हा तेच बोलणं सुरू व्हायच्या आत मी तुटलेल्या तारा जपून ठेवल्या आणि पाहिल्या. सगळ्या मागच्या चाकाच्या, सगळ्या उजव्या बाजूच्या, मोठ्या चकतीच्या मागच्या. आणि प्रत्येकीवर ओरखडा! तीन वेळा डिरेलर आत शिरला तेव्हाच त्यांना जखम झालेली. त्यातून ह्या बाजूच्या तारा मुळात जास्त ताणलेल्या असतात, कारण चकत्यांना जागा द्यायला त्यांना उभट बसावं लागतं. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, एखादी तुटली तरी बाकीच्या सांभाळून घ्यायच्या. आता बहुधा ३६-३६ असतात. एक तुटली की शेजारच्यांवर भार येतो, त्यातली ओरखडा असलेली पुढची. तेव्हा एकेक न बदलता ओरखडलेल्या सगळ्या नऊ तारा एकदम बदलून घेतल्या आणि चाकाचा आऊट काढून घेतला. आणि हो, मोठ्या चकती आणि तारा ह्यांच्यामध्ये प्लॅस्टिकची एक गोल ढाल येते, ती आमच्या पहिल्या दुकानदाराने 'शोभेची आहे' म्हणून काढून टाकली होती. ती नवी बसवून घेतली. मुलं ती काढा म्हणून मागे लागतात, चांगली दिसत नाही म्हणे. काढू देऊ नका.

सायकल ठेवताना भिंतीला नेहमी डावी बाजू टेकवायची, टेंपोत आडवी घालायची वेळ आली तर डिरेलर वर राहील अशी घालायची. मैदानावर आता लेक आपली सायकल रांगेच्या टोकाला, लिंबाच्या झाडाला लावते. दिवाळी झाली, व्हॅनचं नाव कोणी काढलं नाही. पहाटे साडेपाचला फाटक वाजतं आणि मी कूस बदलून झोपते.

सध्या समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाची सायकल आमच्याकडे टांगलेली आहे. एक नंबरला टिक् टिक् वाजतंय. त्याचा हँगर सातारला मिळाला नाही, पुण्याहून येईपर्यंत आठवडा जाईल, आणि तोवर झोपाळा बंद म्हणून सासूबाई रुसून बसल्या आहेत.